तेरावा महिना

माझ्या खिडकीतून माणसं दिसत नाहीत.
काचेखाली वीतभर फट आहे,
तिच्यातून हात येतात,
पैसे ठेवतात, तिकीट उचलतात, जातात.
गुर्द शोलाच्या थांब्यापाशी
पत्र्याच्या या खोक्यात सहा वर्षं बसते आहे मी,
आणि अख्खं अदिस अबाबा मला
मनगटापर्यंतच ठाऊक आहे.

सिमेंटनं उललेला एक हात रोज मेक्सिकोला जातो.
(मेक्सिको म्हणजे आमचा चौक.
देशाला जायला इतके सुट्टे पुरत नाहीत.)
एक हात शाईचा.
एकाला करंगळी नाही,
तो पैसे मोजून आणतो
आणि तरी माझ्यासमोर पुन्हा मोजतो.

आणि एक आंबूस वासाचा,
टेफच्या पिठात बुडून बुडून फिका पडलेला.
यशिमेबेत.
नाव तिनंच सांगितलं, रांग नव्हती तेव्हा,
फटीपाशी तोंड आणून.
लिदेताच्या एका खानावळीत इंजेरा भाजते.
पूर्वी दोन मिनीबस बदलायची.
दाराला लोंबकळणारा पोरगा ओरडायचा,
ढग आले की भाडं चढायचं,
आणि मेगेनान्याला गाडी अशी रुतायची
की लोक उतरून कणीस भाजून घेत,
खात, दाणे पुसत
पुन्हा त्याच जागेवर येऊन बसत.

आता जाताना चाळीस मिनिटं वाचतात,
येताना चाळीस.
रद्द तिकिटाच्या पाठीवर मी हिशेब मांडला.
सणवार वजा करून कामाचे तीनशे दिवस:
सोळा दिवस, सोळा तास.

आमच्या वर्षाला तेरा महिने.
तेरावा पाच दिवसांचा, फार तर सहा.
आधीच दुष्काळ, त्यात तेरावा महिना,
असं कुठे म्हणत असतील तर म्हणोत.
आमच्याकडे तो दरवर्षी येतो, पाऊस ओसरताना,
आणि त्याचा पगार कुणी देत नाही.
यशिमेबेतचा तेरावा महिना
आता एकवीस दिवसांचा आहे.

काय करतेस गं एवढ्या दिवसांचं?
झोपते, म्हणाली.
गाडी आली, तिकीट उचललं,
आणि जाता जाता फटीतून,
मुलीची वेणी घालते.
आधी शेजारीण घालायची. फार घट्ट.

गेब्रेमेस्केलला हे सांगून उपयोग नाही.
तो जोडे शिवतो, रुळांच्या अलीकडे.
गिऱ्हाईक पलीकडे.
पूर्वी मधला रस्ता बारा पावलांचा होता,
आता कठड्याला वळसा, पूल, जिने:
तीनशे दहा.
मोजून येतो आणि मलाच सुनावतो,
जणू रूळ मी अंथरले.
मी ऐकून घेते. पावलं खरी आहेत.
सरकता जिनाही बंद आहे, तेही खरं.

परवा पाळी संपल्यावर मीच गाडीत चढले.
स्टेडियमच्या अलीकडे, उंच पुलावर,
वीज गेली.
खाली मिनीबसच्या दिव्यांची माळ, हलत नसलेली.
वर आम्ही, हलत नसलेले.
कुणी शिव्या दिल्या, मग कंटाळून थांबला.
कुणाच्या तरी पदरातून भाजलेले जव निघाले,
अंधारात ओंजळीतून ओंजळीत आले.

मी सवयीनं आधी हात पाहिले.
दांडीवर तो उललेला हात होता.
वर नजर नेली
तर विशीचं पोर, मिसरूडही धड नाही.
मी त्याला इतकी वर्षं म्हातारा समजत होते.

माझ्या तळव्यावर जव ओतणारा हात मध्येच अडला.
चार बोटांचा.
फोनच्या उजेडात त्यानं माझी अंगठी पाहिली,
नखावरचा शिक्क्याचा निळा डाग पाहिला.
‘खिडकीतली तू?’
‘हो.’
‘गुरुवारी एक बिर कमी दिलास.’

पिशवी चाचपून मी त्याला एक बिर दिला.
त्यानं तो मोजला.
मग दिवे आले.